दूरच्या दप्तराचे दार कोणी उघडावे?

ज्या पेढीचा कारभार एकाहून अधिक गावी चालतो, तिच्या चालकापुढे एक अडचण पूर्वापार उभी आहे. काम एके ठिकाणी असते आणि त्या कामास लागणारे कागद दुसऱ्या ठिकाणी असतात. एके काळी शाखेच्या रोजकीर्दीची नक्कल टपालाने मुख्य पेढीत येत असे, आणि ती येऊन पोचेपर्यंत मुख्य पेढीतील खतावणीस थांबावे लागे. आज रोजकीर्द आणि खतावणी या दोन्ही संगणकात गेल्या आहेत. वखारीतील साठा, बिले, वाहतुकीच्या पावत्या हेही सर्व तेथेच गेले. तरी मूळ अडचण सरली असे म्हणता येत नाही. तिचे रूप तेवढे पालटले आहे. कागद आता क्षणात येऊ शकतो. पण तो येण्यासाठी जे दार उघडावे लागते त्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न नव्याने उत्पन्न झाला आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार योजिला आहे. विषय वरकरणी तंत्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेला विचार व्यापाऱ्यास मुळीच अपरिचित नाही. माणसास त्याच्या कामापुरता अधिकार द्यावा, आणि त्या अधिकाराच्या वापराने इतरांचे नुकसान होणार नाही अशी तजवीज आधी करून ठेवावी, हा तो विचार होय. शिवाय दूरच्या यंत्राशी रोजचा संबंध ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांच्या हिशेबाविषयीचे जे नियम आहेत, त्यांत २०२२ साली दुरुस्ती होऊन, संगणकात ठेवलेल्या हिशेबपुस्तकांची राखीव प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन आले. तेव्हा आपले दप्तर दुसऱ्या यंत्रावर कसे पोचते आणि तेथून कोण आणतो, हे चालकाने स्वतः समजून घेणे इष्ट आहे.

माउंट करणे म्हणजे काय

सर्व्हर म्हणून चालणाऱ्या यंत्रांवर आज लिनक्स या प्रणालीचा प्रसार फार मोठा आहे. दुकानात ठेवण्याजोग्या ज्या लहान साठवण-पेट्या बाजारात मिळतात त्यांच्या आतही पुष्कळदा लिनक्सच असते. ही प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केली. तिचा आदर्श म्हणजे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून आकारास आलेली युनिक्स प्रणाली. या दोहोंत फायलींची मांडणी एकाच वृक्षासारखी असते. एक मूळ, आणि त्याला फुटलेल्या फोल्डरांच्या फांद्या व उपफांद्या. नवी डिस्क किंवा दूरच्या यंत्रावरील एखादे फोल्डर वापरावयाचे झाल्यास ते आणून या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसवावे लागते. या बसविण्यास माउंट करणे असे म्हणतात.

एकदा ते बसले की कारकुनाच्या दृष्टीने जवळची फाइल आणि दूरची फाइल यांत भेद उरत नाही. त्याचा नेहमीचा प्रोग्राम तीच फाइल उघडतो, तीत नोंद करतो आणि बंद करतो. ती नोंद मूळ ठिकाणीच होते. ही सोय नसेल तर फाइलची प्रत उतरवून घ्यावी लागते, तीत नोंदी कराव्या लागतात आणि ती परत पाठवावी लागते. एका वहीच्या दोन वह्या झाल्या म्हणजे त्यांतली खरी कोणती, हा वाद पुढे ठेवलेलाच असतो. तो कसा वाढतो हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

मात्र युनिक्स आणि लिनक्स या दोहोंत हे बसविण्याचे काम पूर्वापार एकाच व्यक्तीकडे राखून ठेवलेले आहे. ती व्यक्ती म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी व्यवस्थापक. त्याच्या खात्यास 'रूट' असे नाव आहे. रूटला त्या यंत्रावर काहीही वर्ज्य नसते.

या राखीव अधिकारामुळे लहान पेढीत दोन प्रकार घडतात, आणि दोन्ही वाईटच. संगणकाचा जाणकार बाहेरचा असतो. तो आठवड्यातून एकदा येतो. आणि तो येईपर्यंत साध्या फोल्डरासाठी काम अडून राहते. किंवा काम अडू नये म्हणून रूटचा पासवर्डच दोघाचौघांस सांगून टाकला जातो. यांतला दुसरा प्रकार अधिक घातक होय. वखारीतून दहा पोती उचलून आणण्यासाठी एखाद्याच्या नावे पेढीचे कुलमुखत्यारपत्र लिहून द्यावे, तशातलीच ही गोष्ट.

निर्बंध का घातला गेला

येथे कोणी म्हणेल की, जुन्या लोकांनी हा अधिकार विनाकारण आखडून धरला. तसे नाही. त्यांच्या भयास कारणे होती आणि ती आजही खरी आहेत.

पहिले कारण असे. ज्या फोल्डरावर दुसरे काही बसविले जाते, त्या फोल्डरातील मूळच्या फायली तोवर दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी नव्या दिसू लागतात. यंत्रावरील खात्यांची आणि पासवर्डांची नोंद ज्या फोल्डरात असते, त्याच्यावर कोणी आपले फोल्डर आणून बसविले तर खोटी नोंदवही खरी म्हणून वाचली जाईल.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. युनिक्समध्ये फाइलवर एक विशेष खूण ठेवता येते. ती असली म्हणजे प्रोग्राम कोणीही चालविला तरी तो चालविणाऱ्याच्या नव्हे, तर त्या फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. ही कल्पना डेनिस रिची यांची. तिच्यासाठी १९७९ साली अमेरिकेत पेटंटही मिळाले. साध्या माणसास स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो हिच्याच योगाने. पण एखाद्याने आपल्या घरच्या यंत्रावर, जेथे तो स्वतःच रूट आहे, अशी खूण असलेला प्रोग्राम तयार केला आणि ते फोल्डर पेढीच्या यंत्रावर आणून बसविले, तर तो तेथेही विनासायास सर्वाधिकारी होईल. डिस्क, स्मृती यांसारख्या यंत्रभागांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या ज्या विशेष फायली असतात, त्यांच्या बाबतीतही हाच धोका आहे.

तिसरे कारण नेटवर्कवरील फायलींपुरते आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली एनएफएस ही पद्धत विकसित केली आणि ती जगभर रूढ झाली. तिच्या मूळच्या व्यवहारात सर्व्हर हा समोरच्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवतो. 'ही मागणी अमुक क्रमांकाच्या माणसाची आहे' असे समोरच्या यंत्राने सांगितले की सर्व्हर ते मान्य करतो. हा विश्वास टिकावा म्हणून असा संकेत ठेवला गेला की, मागणी १०२४ च्या खालील क्रमांकाच्या जोडमार्गावरून यावी, कारण त्या मार्गांवर बसण्याचा अधिकार युनिक्समध्ये रूटलाच असे. साध्या माणसास थेट मागणी करू दिली असती तर तो हवा तो क्रमांक सांगून दुसऱ्याचे दप्तर उघडू शकला असता.

सारांश, निर्बंध योग्य होता. प्रश्न एवढाच होता की, जी भीती आहे तिच्यापुरताच तो आवळता येईल काय?

पहिली सवलत: आधी मंजूर केलेली यादी

पहिला उपाय साधा होता. व्यवस्थापकाने एका ठरावीक फाइलमध्ये यादी करून ठेवावी की, अमुक फोल्डर अमुक ठिकाणी बसविण्याची साध्या माणसासही मुभा आहे. अशी मुभा देताच तीन निषेध आपोआप लागू होतात. त्या फोल्डरातील मालकाच्या अधिकाराची खूण मानली जात नाही. यंत्रभागांच्या विशेष फायली मानल्या जात नाहीत. आणि व्यवस्थापकाने वेगळे सांगितले नसेल तर तेथील प्रोग्रामही चालत नाहीत. ज्याने बसविले त्यानेच ते काढावे, असाही नियम आहे.

हे विशेष मुखत्यारपत्र झाले. काम नेमके, मर्यादा नेमकी. पण नवी शाखा उघडली, नवा सर्व्हर आला, की यादीत भर घालण्यास पुन्हा व्यवस्थापकच हवा. रोज बदलणाऱ्या व्यवहारास ही यादी अपुरी पडते.

विचाराची नवी दिशा

बेल प्रयोगशाळेतील ज्या मंडळींनी युनिक्स घडविली, त्यांच्यापैकी काहींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'प्लॅन नाइन' नावाची नवी प्रणाली रचावयास घेतली. केन टॉम्सन आणि रॉब पाइक हे तिच्या रचनाकारांत होते. १९९२ साली ती विद्यापीठांस देण्यात आली. तिच्यातील कल्पना आमच्या मते या सर्व कथेचे सार आहे. त्यांनी असे ठरविले की, फायलींचा एकच वृक्ष सर्वांस सामाईक असण्याचे कारण नाही. प्रत्येक कामास आपल्यापुरता स्वतंत्र वृक्ष असावा. मग कोणी आपल्या वृक्षावर काहीही बसविले तरी शेजाऱ्याच्या वृक्षावर एक पानही हलत नाही. जेथे दुसऱ्याचे नुकसान होऊच शकत नाही तेथे परवानगीची गरज उरत नाही. त्या प्रणालीत युनिक्सच्या रूटसारखा सर्वाधिकारी ठेवला गेला नाही, आणि मालकाच्या अधिकाराची ती खूणही नाही.

विंडोज वापरणाऱ्या आमच्या वाचकांनी या तत्त्वाचा एक धाकटा भाऊ पाहिला आहे. नेटवर्कवरील फोल्डरास इंग्रजी वर्णमालेतील एखादे अक्षर देऊन ते ड्राइव्ह म्हणून जोडता येते. त्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागत नाही, कारण ते अक्षर त्या माणसाच्या त्या प्रवेशापुरते असते. म्हणूनच कधीकधी एक चमत्कार घडतो. तोच माणूस एखादा प्रोग्राम व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवू जातो, तेव्हा त्या प्रोग्रामास हा ड्राइव्ह दिसतच नाही. अनेकांस तो यंत्राचा बिघाड वाटतो. वस्तुतः त्या दोन प्रवेशांचे हिशेब वेगळे ठेवलेले असतात, इतकेच.

फ्यूज आणि त्याचा द्वारपाल

लिनक्समध्ये या प्रश्नाचा व्यवहार्य उलगडा फ्यूज या रचनेने केला. मिक्लोश सेरेदी हे तिचे कर्ते. ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत तिचा अधिकृत समावेश झाला.

प्रणालीचा जो गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तोच फायलींचे सर्व व्यवहार सांभाळतो ही जुनी रीत. फ्यूजमध्ये कर्नल फक्त निरोप्याचे काम करतो. 'ही फाइल वाचावयाची आहे' अशी मागणी आली की तो ती एका साध्या प्रोग्रामाकडे सोपवितो. आणि तो प्रोग्राम मागणी करणाऱ्या माणसाच्याच अधिकाराने चालत असतो. फाइल कोठून आणावयाची, कशी आणावयाची, हे तो प्रोग्राम पाहतो. त्याच्यात दोष असला तर तो प्रोग्राम कोसळेल; सारे यंत्र कोसळण्याचे भय पुष्कळ कमी होते.

या रचनेवर उभारलेला एसएसएचएफएस नावाचा प्रोग्राम व्यापाऱ्याच्या विशेष उपयोगाचा आहे. १९९५ साली फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी एसएसएच ही सांकेतिक, म्हणजे वाटेत कोणास वाचता न येणारी, जोडणी तयार केली. सर्व्हरवर जाण्यासाठी ती सर्वत्र वापरली जाते. एसएसएचएफएस याच जोडणीतून दूरचे फोल्डर आणून आपल्या यंत्रावर बसवितो. दूरच्या सर्व्हरवर निराळे काही मांडावे लागत नाही. तेथे जाण्याचा परवाना असलेल्या माणसास तेथे जेवढे दिसते तेवढेच येथे दिसते. एनएफएसमध्ये समोरच्या यंत्राच्या शब्दावर भिस्त होती. येथे सर्व्हर त्या माणसाची किल्ली स्वतः पारखून घेतो. तिसरे भय येथेच निवाले.

उरली दोन. बसविण्याची शेवटची क्रिया अद्याप रूटच्या अधिकारानेच होते; पण ती एका लहानशा सहायक प्रोग्रामाकडून. तो फ्यूजचा द्वारपाल. त्याच्याजवळ मालकाच्या अधिकाराची खूण असते, परंतु तो एकच काम करतो आणि करण्यापूर्वी तपासणी करतो. ज्या फोल्डरावर बसवावयाचे ते मागणाऱ्यास लिहिण्यास मोकळे आहे काय, हे तो पाहतो. त्यामुळे पासवर्डांच्या नोंदवहीवर कोणास काही पांघरता येत नाही. मालकाच्या अधिकाराची खूण आणि यंत्रभागांच्या फायली यांवरचा निषेध तो स्वतः लावतो. साध्या माणसास तो काढता येत नाही. एका यंत्रावर साध्या माणसांनी किती जोडण्या कराव्यात यासही मर्यादा आहे. ती बहुधा १००० असते आणि व्यवस्थापकास बदलता येते.

याहून महत्त्वाचा एक नियम आहे. ज्याने फोल्डर बसविले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणासही ते उघडता येत नाही. खुद्द रूटलाही नाही. प्रथम ऐकताना हे विपरीत वाटते. कारण असे की, फायली पुरविणारा प्रोग्राम हा एका साध्या माणसाच्या ताब्यात असतो. दुसरा कोणी त्या फोल्डरात शिरला तर तो काय पाहतो, केव्हा पाहतो हे त्या प्रोग्रामास कळेल. आणि त्याने उत्तर देण्याचे टाळले तर पाहणाऱ्याचे काम कितीही वेळ खोळंबून राहील. रूटच्या अधिकाराने चालणारे एखादे महत्त्वाचे काम असे अडकले तर सर्व यंत्राची पंचाईत. म्हणून नियम असा की, जोखीम ज्याची त्यानेच सोसावी. इतरांस प्रवेश देण्याची मुभा व्यवस्थापक वेगळी नोंद करून देऊ शकतो, पण ती त्याच्या समजुतीने आणि त्याच्या हातून.

प्लॅन नाइनचा विचारही पुढे लिनक्सपर्यंत पोचला. २०१३ साली ३.८ या आवृत्तीत साध्या माणसास आपल्यापुरते वेगळे जग निर्माण करण्याची सोय झाली. २०१८ साली ४.१८ या आवृत्तीपासून त्या जगाच्या आत फ्यूजची फोल्डरे द्वारपालाच्या मदतीवाचूनही बसविता येऊ लागली. डिस्कवरील नेहमीच्या फाइल-प्रणालींस मात्र तेथे अद्याप मज्जाव आहे. मुद्दाम बिघडवून तयार केलेली डिस्क कर्नलने वाचावी आणि त्यात तोच फसावा, हा धोका अजून टळलेला नाही.

द्वारपालही चुकतो

कोणताही बंदोबस्त पूर्ण निर्दोष असतो असे आम्ही म्हणणार नाही. २०१८ साली या द्वारपालातच एक खोट आढळली. सुरक्षेसाठी असलेली एक वेगळी यंत्रणा ज्या संगणकांवर चालू होती, तेथे इतरांस प्रवेश देण्याची मुभा नसतानाही साध्या माणसास ती घेता येत होती. नव्या आवृत्तीत हा दोष दूर केला गेला. यातून दोन गोष्टी ध्यानी येतात. अधिकार लहान ठेवला म्हणजे दोषाचे परिणामही लहान राहतात, ही एक. आणि द्वारपाल नेमला तरी त्याची वेळोवेळी पारख करावी लागते, म्हणजेच प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, ही दुसरी.

व्यवहारात काय पाळावे

आता आमच्या सभासदांच्या उपयोगाचे चार शब्द.

पहिली गोष्ट, जोडलेले दप्तर म्हणजे राखीव प्रत नव्हे. येथे बसविलेल्या फोल्डरातील फाइल पुसली तर ती मूळ ठिकाणची पुसली जाते. राखीव प्रत निराळी घ्यावी. आणि ती घेणारा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालत असेल, तर वर सांगितलेल्या नियमामुळे त्यास फ्यूजची फोल्डरे उघडता येणार नाहीत, हेही आधी पाहून ठेवावे. नाहीतर प्रत होते आहे या समजुतीत महिने जातील आणि प्रसंग येईल तेव्हा ती रिकामी निघेल.

दुसरी गोष्ट, हिशेबाच्या चालू खातेवहीवर एसएसएचएफएसने दोन ठिकाणांहून एकाच वेळी काम करू नये. एकजण लिहीत असता दुसऱ्यास थांबविण्याचे जे कुलूप हिशेबाचे प्रोग्राम वापरतात, ते या जोडणीतून दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचत नाही. दोघांच्या नोंदी एकमेकींवर चढून वही बिघडू शकते. पावत्या, करारपत्रे, छायाचित्रे, महिन्याचे तक्ते अशा कागदांसाठी ती उत्तम आहे.

तिसरी गोष्ट, सर्व्हरवर प्रत्येक नोकराचे खाते स्वतंत्र असावे आणि किल्लीही स्वतंत्र असावी. नोकर काम सोडून गेला की त्याची एक नोंद काढून टाकली म्हणजे भागते. रूटचा पासवर्ड चौघांस ठाऊक असेल तर त्यांतील एक जण गेल्यावर सर्वच कुलपे बदलावी लागतात. आणि पुष्कळ ठिकाणी ती बदलली जात नाहीत, हे आपण जाणतो. गेलेल्या माणसाची नियत चांगली असली तरी पेढीचे दार त्याच्या सज्जनपणावर उघडे ठेवणे त्याच्याही हिताचे नाही. पुढे काही गहाळ झाले तर संशयाची सुई आधी त्याच्याकडे वळते.

चौथी गोष्ट, काम संपल्यावर जोडणी सोडावी. नेटवर्क मध्येच तुटले तर बसविलेले फोल्डर उत्तर देईनासे होते आणि ते उघडू पाहणारा प्रोग्राम खोळंबतो. ज्याने ते बसविले त्यासच ते काढता येते. त्यासाठी व्यवस्थापकास बोलावण्याचे कारण नाही. एवढे प्रत्येक कारकुनास शिकवून ठेवावे.

संगणकाच्या जाणकारास आपण केवळ 'हे चालू करून दे' असे सांगतो आणि तो सर्वांत सोपा मार्ग म्हणून सर्वाधिकार देऊन मोकळा होतो, असे घडते. त्यात दोष त्याचा एकट्याचा नाही. आपण त्यास प्रश्नच विचारलेला नसतो. यापुढे असा प्रसंग येईल तेव्हा सभासदांनी त्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: या माणसास नेमके कोणते फोल्डर हवे आहे, ते रूटच्या पासवर्डावाचून त्यास मिळू शकते काय, आणि तो गेल्यावर त्याचा प्रवेश कसा बंद करावयाचा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज उपलब्ध आहेत आणि त्यांस फारसा खर्चही येत नाही. ती मागून घेण्याचे काम मात्र पेढीच्या चालकानेच करावयाचे आहे.